सोडलं म्हणा

खिडकीपलीकडचा माणूस ओरडत होता तोवर सगळं ठीक होतं. सेमारांगच्या पाणीखात्यात तक्रारीच्या खिडकीवर बसायचं म्हणजे ओरडून घ्यायचं, आणि एन्दाहचं अर्धं आयुष्य त्यातच गेलं होतं. आधी समोरच्याला बोलू द्यायचं, नजर काढायची नाही, खांदे हळूच खाली सोडायचे, मग त्याचेही खांदे खाली येतात. ती हे ठरवून करायची असंही नाही. समोरच्याचा राग तिच्या छातीत येऊन बसायचा आणि तिला बसल्याजागी गरम व्हायचं. तो विझवल्याशिवाय तिला चैन पडत नसे, एवढंच. "नळाला खारं पाणी येतंय, बू एन्दाह," तो माणूस रागातही 'बू', म्हणजे बाई, असा मान देऊन म्हणत होता, "माझी सून बाळंतीण आहे, तिला काय समुद्र पाजू? इथे टेबलामागे बसून तुम्हाला काय कळणार?" त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. एन्दाहनं मान वर केली, आणि तो बोलता बोलता थांबला. तिच्याकडे बघतच राहिला. त्याचा आवाज एकदम खाली आला. "बू, तुम्हाला बरं नाही का?" तो म्हणाला. "राहू द्या. पाण्याचं काय, येईल आज ना उद्या. तुम्ही जरा पंख्याखाली बसा." आणि तक्रार न लिहिताच, चप्पल फरफटत, तो खाऱ्या पाण्याच्या घरी परत गेला. शेजारच्या टेबलावरची यायुक खुदकन हसली. "बघितलंत? तोंडसुद्धा उघडलं नाहीत आणि बाबा गार. आम्हाला शिकवा की ही जादू." एन्दाह हसली, कारण यायुकला ते अपेक्षित होतं. पण तिनं काही केलंच नव्हतं. शांत केलं होतं ते त्या माणसानं तिला.

डोक्यावरचा पंखा फिरत होता. तो दादानं दुरुस्त केलेला. दादा, म्हणजे तिचा थोरला भाऊ तेजो, जन्मभर दुकानात पंख्यांच्या आणि मोटरींच्या तारा गुंडाळत बसलेला, बोटांना तांब्याच्या तारेचे वण. हा पंखा एका फेरीला जरा अडखळे, श्वास घेतल्यासारखा थांबे, आणि पुन्हा फिरू लागे. साहेबांनी दोनदा बदलायला सांगितला होता, तिनंच राहू दिला. दादा गेल्यापासून मात्र तो आवाज तिला ऐकवत नव्हता आणि ऐकल्यावाचून राहवतही नव्हतं. शेवटच्या दिवसांत दादाचा श्वास असाच चालायचा. एक आत, मग काहीच नाही. खोलीतली सगळी माणसं त्या काहीच-नाहीमध्ये ताटकळत उभी राहायची, आणि मग कुठूनतरी खोलातून पुन्हा एक. इस्पितळानं हात टेकून घरी पाठवलं होतं. आज ना उद्या, असं म्हणत म्हणत दिवस जात राहिले, कुराणातलं यासीन वाचून वाचून म्हाताऱ्यांचे घसे बसले, आणि दादा काही जाईना. मग कार्सोकाकांनी, वडिलांच्या धाकट्या भावानं, ते वाक्य उच्चारलं जे अशा वेळी आपल्याकडे कुणीतरी उच्चारतंच. "कुणीतरी धरून ठेवलंय त्याला."

मग एकेकानं आत जायचं आणि त्याच्या कानाशी सांगायचं, मी तुला सोडलं, सुखानं जा. मनापासून म्हणायचं. मनापासून नसेल तर ते त्याला कळतं आणि त्याचा पाय अडतो. एन्दाहनं सांगितलं. काकांनी सांगितलं. दुकानातला जुना भागीदार रडत रडत सांगून गेला. ज्याच्याशी दादाचं वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं तो चुलतभाऊसुद्धा येऊन सांगून गेला. राहिली एकटी विजीवहिनी. ती उशाशी बसलेली, ओल्या कापसानं त्याचे ओठ टिपत. ती रेम्बांगकडची, समुद्रकाठची. इथल्या शहरी गोड बोलण्याचा तिला पहिल्यापासून कंटाळा. "सगळे झाले का निरोप देऊन?" ती म्हणाली होती. "मग आता आपापल्या घरी जा. मी नाही म्हणणार. त्याला राहायचंय. त्याचं बोट बघा." दादाच्या उजव्या हाताचं पहिलं बोट चादरीवर गोल फिरत होतं, सावकाश, तार गुंडाळावी तसं. बायका म्हणाल्या, तळमळतोय बिचारा. वहिनी म्हणाली, काम करतोय. बोट एकच. त्यात कुणाला काय दिसलं ते ज्याचं त्याचं.

मग सगळ्यांनी एन्दाहकडे बघितलं. असं सगळ्यांनी तिच्याकडे बघण्याची तिला लहानपणापासूनची सवय. मोडलेली लग्नं, रुसलेले सासरे, नापास झालेली पोरं, सगळीकडे एन्दाहला बोलवा. ती काही फार शहाणपणाचं बोलायची असं नाही. नुसती जवळ बसायची, आणि माणूस तिच्याकडे बघता बघता सैल व्हायचा. हे ती कुठे शिकली ते तिलाच नीट माहीत होतं. आईची स्टेशनाजवळ सोतोची, म्हणजे कोंबडीच्या रश्श्याची, टपरी होती. बाप लवकर गेलेला. आईला अधूनमधून मौनाचे दिवस यायचे. पहाटे उठून कोंबडी शिजवणारी बाई एकदम भिंतीकडे तोंड करून बाजेवर पडायची ती दिवसभर. चूल थंड. एन्दाह दाराशी उभी राहायची आणि आईच्या पाठीतून ते काळं काहीतरी चालत येऊन तिच्या पोटात शिरायचं. एकदा ते सहन न होऊन ती मटकन खाली बसली आणि म्हणाली, आई, पोट दुखतंय. आणि आई उठली. उठून तिनं छोटे कांदे ठेचले, खोबरेल तेलात कालवले आणि लेकीच्या पोटावर चोळत बसली, आणि चोळता चोळता तिच्या डोळ्यांत पुन्हा कुणीतरी राहायला आलं. पोरीला गुरुकिल्ली सापडली. ज्याला स्वतःचं ओझं उचलत नाही त्याच्या हातात दुसऱ्याचं द्यावं, तो उभा राहतो. पुढे पुढे आईनं भिंतीकडे तोंड केलं की पोट दुखायचंच. गंमत म्हणजे ते नंतर खरंच दुखायला लागलं. डॉक्टर झाले, औषधं झाली. खरं कुठलं आणि आईसाठीचं कुठलं, हे तिचं तिलाही सांगता येईना. दादाला मात्र सगळं ठाऊक होतं. तो दारात उभा राहून एक भुवई उचलायचा, "काय, आज पोट दुखणार का?" आणि तिनं पोट धरलं की काही न बोलता बाहेर निघून जायचा. जाताना दार ओढून घ्यायचा. आईला आणि तिला मोकळं सोडून बाहेर रस्त्यावर गोट्या खेळत बसायचा.

दुपारी तिनं अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली. दादाला जाऊन उद्या चाळीस दिवस होत होते, त्या चाळिसाव्याचे अपेम, तांदळाचे गोड आप्पे, करायचे होते, आणि ते घरच्याच बायकांनी करायचे असतात. खालच्या वस्तीत भरतीचं पाणी आलं होतं. चप्पल हातात घेऊन, शाळेतून सुटलेल्या पोरांच्या मागून, ती घोटाभर पाण्यातून चालत राहिली. त्या माणसाचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नव्हता. त्याची सून बाळंतीण. रागावायचा त्याला हक्क होता, आणि तो राग टाकून गेला, का, तर खिडकीतल्या बाईचं तोंड उतरलेलं. दादाचं घर गल्लीच्या टोकाला. समुद्र वर येतो म्हणून दर काही वर्षांनी त्यानं जमिनीवर भर घातली, आणि छप्पर तेच राहिलं, त्यामुळे दारातून शिरताना मान खाली घालावी लागे. "आमच्याकडे राष्ट्राध्यक्ष आला तरी वाकूनच येणार," असं तो म्हणायचा. एन्दाह वाकून आत गेली.

वहिनी चुलीपुढे बसली होती. आंबवलेल्या पिठाची परात मध्ये, लोखंडी साचा तापलेला. "आलीस? हात धू. त्या पाण्यातून आलीस, पायही धू," ती म्हणाली. शेजारच्या कार्तीमावशी केळीची पानं पुसत होत्या आणि त्यांचं तोंड चालू होतं. "काय सांगू, अशी नणंद मिळायला भाग्य लागतं. आमच्याकडे सासरा असाच अडकून राहिला होता, पण आमच्याकडे एन्दाह कुठली? हिनं विजीला कसं समजावलं, दोन शब्दांत! आणि तेजो गेला की नाही शांत, दुपारची बांग व्हायच्या आत? सगळी गल्ली नाव काढते." एन्दाहनं मान खाली घालून पीठ ढवळलं. वहिनीनं साच्यात पळी ओतली, वर झाकण ठेवलं. "मावशी," ती म्हणाली, "गूळ संपलाय. आणता का?" गूळ डब्यात होता. एन्दाहला तो दिसत होता. मावशी कमरेची लुंगी सावरत पाण्यात उतरल्या.

एन्दाहला वहिनीच्या पाठीतून काहीतरी येताना जाणवत होतं, आणि तिनं सवयीनं त्याला जागा करून दिली. दुःख असेल असं तिला वाटलं होतं. ते दुःख नव्हतं. "तुला एक सांगायचंय," वहिनी म्हणाली, झाकणाकडे बघत. "मनात ठेवून फिरले तर माझ्या घशाशी येईल, म्हणून सांगते. मी त्याला सोडलं नव्हतं."

"वहिनी..."

"ऐक. मध्ये गोड बोलू नकोस. त्या दिवशी तू आलीस, माझ्याजवळ बसलीस. माझ्याबरोबर श्वास घेत होतीस, मला कळत होतं. तो किती थकलाय, म्हणालीस. मी दगड होते. मी म्हटलं, बोल किती बोलायचंय ते. मग तू रडलीस. माझ्या मांडीवर डोकं टाकलंस आणि म्हणालीस, वहिनी, मला बघवत नाही, सोडलं म्हणा. तुझं ते तोंड! तू उठतेस की तिथेच जातेस असं झालं मला. बाई, मला तुझी दया आली. मी वाकले आणि म्हटलं. तुझ्यासाठी म्हटलं, एन्दाह. त्याच्यासाठी नाही आणि माझ्यासाठी तर नाहीच नाही. चाळीस वर्षांच्या संसाराचा माझा माणूस मी तुझं रडं थांबावं म्हणून देऊन टाकला."

करपल्याचा वास आला. वहिनीनं झाकण काढलं, करपलेला अपेम सुरीनं उचलून बाजूला टाकला. एन्दाहच्या तोंडात वाक्य तयार होतं. वहिनी, तो जाणारच होता, डॉक्टर म्हणाले होते, तुमच्या बोलण्यानं काही झालं नाही. चांगलं वाक्य होतं, खरंही असेल. असल्या वाक्यांवर तिचा जन्म गेला होता. आणि त्याच वेळी तिला जाणवलं की आपला चेहरा चुरगळायला लागलाय. ओठ खाली ओढले जातायत, डोळे भरतायत, आणि समोर वहिनीचा हात, पिठानं माखलेला, परातीवरून उचलला गेलाय, तिच्या डोक्याकडे यायला निघालाय. दया. पुन्हा तेच. अजून एवढंसं तोंड पाडलं की ही उठेल, कांदे ठेचेल, आणि स्वतःचा राग विसरून जाईल. एन्दाहला स्वतःची भीती वाटली, इतकी की ती मागे सरकली, पाठ भिंतीला लागेपर्यंत. दात दातांवर दाबून तिनं चेहरा जागेवर ठेवला. चेहरा नुसता ठेवायचा, काही न सांगता, हे इतकं अवघड असतं याची तिला कल्पना नव्हती. वहिनीचा हात हवेत थांबला, मग परातीत परत गेला.

"तुला माहितीये का, बोट कधी थांबलं?" वहिनी म्हणाली. आता तिचा आवाज चढत होता, आणि एन्दाह तो चढू देत होती. "सगळे म्हणतात, विजीनं सोडलं म्हटलं आणि तेजो गेला. मी त्याच्या हाताकडे बघत होते. मी बोलायच्या आधीच थांबलं. तू रडायला लागलीस ना, पोटाशी हात धरून, तेव्हा. एकदा पुढे गेलं, थांबलं, आणि मग नाही फिरलं."

पोटाशी हात धरून. एन्दाहला ते आठवत नव्हतं. आपण मांडीवर डोकं टाकलं ते आठवत होतं, वहिनीच्या लुंगीचा औषधांचा वास आठवत होता, आपल्या बरगड्यांत त्याचा श्वास अडकलेला आणि तो तिथून कुणीतरी काढावा, कुणीही, असं वाटत होतं ते आठवत होतं. हात कुठे होते? तिला दार दिसलं. स्टेशनामागच्या खोलीचं, निळ्या रंगाचं, आणि त्यात उभा असलेला हाफपँटमधला दादा. भुवई उचललेली. धाकटीनं पोट धरलंय, म्हणजे आता आपलं इथे काम नाही. आपण बाहेर जायचं, आईला आणि तिला मोकळं सोडायचं. आणि जाताना दार ओढून घ्यायचं, आवाज न करता. तो काही वहिनीचं ऐकून गेला नव्हता.

"हे मला आधी का नाही सांगितलंत?" तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"कसं सांगणार? तुझ्याशी कुणाला रागावता येतं का? माणूस तोंड उघडतो आणि तू आधीच दुखावलेली असतेस. आज पहिल्यांदा गप्प बसलीयेस." वहिनीनं पळी परातीत टाकली. "मला ते वाक्य परत हवंय. कुणाला मागू? तो वर जाऊन म्हणेल, विजीला नकोसा झालो. उद्या चाळिसावा, तोवर जीव घराभोवतीच घुटमळतो. घरातून त्याचा पाय निघायच्या आत त्याला सांग. मी नाही सांगणार. वाक्य तुझं होतं, माझ्या तोंडून निघालं. तू कबरीवर जाऊन सांग."

"सांगते," एन्दाह म्हणाली. आणि पुढे काही जोडलं नाही.

तेव्हा वहिनी रडली. प्रेत उचललं तेव्हा रडली नव्हती. त्याच्यावर आसवाचा थेंब पडू नये म्हणून बायकांनी तिला धरून ठेवायची तयारी केली होती आणि ती कोरड्या डोळ्यांनी उभी होती. आता ती गुडघ्यांवर हात मारून, तोंड उघडं टाकून, रेम्बांगच्या कोळणींसारखी मोठ्यानं रडली. तेजोला शिव्या दिल्या, काकांना दिल्या, एन्दाहला दिल्या. कार्तीमावशी गूळ घेऊन दारात आल्या त्या वाकलेल्याच राहिल्या. "अगं एन्दाह, बघत काय बसलीस? समजाव की तिला! तू नाही तर कोण?" एन्दाहच्या छातीत वहिनीचं सगळं रडणं येऊन धडका देत होतं, बाहेर पडायला वाट मागत होतं. "नाही, मावशी," ती म्हणाली. "तिला रडायचंय." आणि करपू नये म्हणून तिनं पुढचा अपेम उलटला.

चार अपेम पानात बांधून ती उन्हं कलायच्या आधी टेकडीवरच्या कबरस्तानात गेली. चाफ्याची फुलं कबरींवर पडलेली, झाडणारा माणूस खाली फाटकाशी झोपलेला. दादाची लाकडी पाटी अजून नवी होती, तिला रंगाचा वास येत होता. पुडी ठेवून ती उकिडवी बसली आणि तिला काय बोलावं ते सुचेना. कारण बोलण्याआधी ती नेहमी समोरच्याकडे बघायची, आणि समोर माती होती. मातीतून काही येत नव्हतं, ना राग ना शांती. आपण कुणाच्याही चेहऱ्याशिवाय कधी बोललोच नाही, हे तिला या वयात कळलं. "वहिनीनं तुला सोडलेलं नव्हतं," ती शेवटी म्हणाली. शब्द कोरडे पडले. "ते माझं होतं. तिला तू हवा होतास. काम अर्धं राहिलं होतं तुझं, तिला दिसत होतं." वारा नव्हता. ती वाट बघत राहिली, एक आत आणि मग काहीच नाही, तशी. "आणि दादा, त्या दिवशी माझं पोट दुखत होतं की नाही, मला खरंच माहीत नाही रे. तू बाहेर जायला नको होतंस."

मग ते आलं. आधी नाकातून, मग घशातून, ओबडधोबड, तिच्या ओळखीचं नसलेलं. सवयीनं तिनं आजूबाजूला बघितलं, कोण बघतंय म्हणून. उतारावर, फाटकाजवळच्या चाफ्याखाली विजीवहिनी उभी होती. मागोमाग आली असणार, पाण्यातून, ओल्या लुंगीनं. एन्दाहनं तिच्याकडे बघितलं आणि तिनंही बघितलं असावं. मग वहिनी वळली आणि पाठ करून उभी राहिली, शहराकडे तोंड करून. माझ्याकडे बघू नये इतका राग आलाय तिला, की मला कुणी बघत नसताना रडता यावं म्हणून ती वळलीये? एन्दाह त्या पाठीकडे बघत राहिली. लहानपणी पाठीतून सगळं कळायचं. आता काही म्हणता काही कळत नव्हतं. वहिनी वळेना, आणि एन्दाह रडत राहिली.